फिजिशियन असिस्टंट म्हणजे कोण?

मोठ्या हॉस्पिटलमध्ये, विशेषतः हृदयशस्त्रक्रियेच्या वॉर्डात, तुमची हिस्टरी घेणारी, जखम तपासणारी, डिस्चार्जच्या वेळी गोळ्या समजावून देणारी व्यक्ती कधी कधी डॉक्टर नसते आणि नर्सही नसते. तिच्या ओळखपत्रावर ‘फिजिशियन असिस्टंट’ किंवा ‘फिजिशियन असोसिएट’ असे लिहिलेले असते. मग नातेवाईक दबक्या आवाजात विचारतात, “हा कंपाउंडर का?” या प्रश्नाचे उत्तर या पेशाच्या इतिहासात आहे.

गार्लंडचा दवाखाना

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात गार्लंड नावाचे छोटे गाव आहे. तिथे डॉ. एमस जॉन्सन जनरल प्रॅक्टिस करत. त्यांच्या हाताखाली हेन्री ली ट्रेडवेल हा कृष्णवर्णीय सहायक होता. सगळे त्याला ‘बडी’ म्हणत. त्याच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती. डॉक्टरांनीच त्याला शिकवून तयार केले होते. डॉक्टर सभा-परिषदांना बाहेरगावी गेले की बडी दवाखान्याचे काम सांभाळी. आपल्याकडच्या जुन्या दवाखान्यांतले अनुभवी कंपाउंडर आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल.

पण अशी व्यवस्था एका डॉक्टरच्या भरवशावर चालते. सहायकाला काय येते आणि काय येत नाही, हे पेशंटला कळायला मार्ग नसतो. ही उणीव भरून काढण्याचे काम त्याच राज्यातील ड्यूक विद्यापीठात झाले.

ड्यूकची पहिली तुकडी

डॉ. युजीन स्टेड तिथे मेडिसिन विभागाचे प्रमुख होते. डॉक्टर कमी, पेशंट जास्त, ही त्यांची अडचण होती. थेल्मा इंगल्स या नर्सिंगच्या प्राध्यापिकेबरोबर त्यांनी आधी नर्सेससाठी प्रगत अभ्यासक्रम आखला, पण नर्सिंग शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेने त्याला मान्यता दिली नाही. तेव्हा स्टेड यांची नजर नौदलातून परतलेल्या वैद्यकीय सैनिकांकडे वळली. आजारी आणि जखमी सैनिकांची शुश्रूषा केलेली ही माणसे होती. पण हातात पदवी नसल्याने नागरी जीवनात त्या कौशल्याला किंमत नव्हती.

1965 मध्ये अशा चौघांना घेऊन दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. 6 ऑक्टोबर 1967 रोजी तिघे उत्तीर्ण झाले. 1970 मध्ये जॉइस निकोल्स हा अभ्यासक्रम पूर्ण करणारी पहिली स्त्री ठरली. 1973 पासून राष्ट्रीय पातळीवर परीक्षा सुरू झाली. आज अमेरिकेत या पेशात दीड लाखाहून अधिक लोक आहेत.

बडीच्या हातात कसब होतेच. ड्यूकने त्या कसबाला ठरलेला अभ्यासक्रम दिला, पुढे परीक्षा आली आणि चुकीला जबाबदार असा डॉक्टर पाठीशी राहिला. पेशंटची सुरक्षितता या तीन गोष्टींवर उभी आहे.

भारतात

आपल्याकडे हा अभ्यासक्रम 1992 मध्ये चेन्नईत आला. हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांनी तो मद्रास मेडिकल मिशनमध्ये सुरू केला. कारण उघड आहे. सर्जन चार-पाच तास ऑपरेशन थिएटरमध्ये असताना वॉर्डातल्या पेशंटकडे प्रशिक्षित नजरेने पाहणारे कोणीतरी हवे. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या राष्ट्रीय कायद्यात या पेशाचा समावेश झाला आणि राज्य पातळीवर नोंदणीची तरतूदही आली. तरीही लक्षात ठेवा: फिजिशियन असिस्टंट स्वतंत्र दवाखाना चालवू शकत नाही. तो डॉक्टरच्या देखरेखीखालीच काम करतो.

ही सीमारेषा पुसट झाली की काय होते, ते ब्रिटनने पाहिले. आपल्याला तपासणारी व्यक्ती डॉक्टर नाही, हे काही पेशंटना कळलेच नाही. मोठा वाद झाला. 2025 मध्ये सरकारने नेमलेल्या लेंग समीक्षेने ‘असोसिएट’ऐवजी पुन्हा ‘असिस्टंट’ हे नाव वापरावे आणि निदान न झालेल्या नव्या पेशंटना त्यांनी प्रथम तपासू नये, अशा शिफारशी केल्या. पेशा बंद करा, असे मात्र तिने म्हटले नाही.

तुम्ही काय करावे?

मी या पेशाच्या बाजूने आहे. मधुमेह, रक्तदाब, दमा अशा आजारांत पेशंटला खरी गरज असते ती शांतपणे ऐकून घेणाऱ्याची. गर्दीच्या ओपीडीत तो वेळ डॉक्टरला अनेकदा देता येत नाही. प्रशिक्षित सहायक तो देऊ शकतो.

म्हणून पुढच्या वेळी तीन प्रश्न निःसंकोच विचारा: “आपण कोण? कोणत्या डॉक्टरांबरोबर काम करता? डॉक्टर मला कधी पाहतील?” चांगला असिस्टंट याचे उत्तर आनंदाने देईल. एकदा उत्तर मिळाले की “मोठ्या डॉक्टरांनाच सांगेन” म्हणून काही राखून ठेवू नका. छातीतली कळ, चुकलेला डोस, परस्पर घेतलेले औषध, सगळे सांगा. डॉक्टरांपर्यंत तुमची माहिती त्यांच्याच हातून पोहोचणार आहे.