तळणीचे दीड इंची भिंग

एका हिवाळ्यात आम्ही सहा इंची आरशाची दुर्बीण घेऊन नंदुरबार जिल्ह्यातील रनाळ्याला गेलो होतो. नेत्रिकेला कॅमेरा लावून छायाचित्रे काढली. गुरूचे पट्टे त्यात छान उमटले. मृग नक्षत्रातला तेजोमेघ मात्र पुसट डागापलीकडे जाईना. 'मोठी दुर्बीण असल्याशिवाय हे जमायचं नाही,' असे म्हणत एका शिक्षकांनी वही मिटली. आम्हालाही लगेच उत्तर सुचले नाही. ते सापडले इतिहासात, आणि तेही आजच्या महाराष्ट्रातल्या!

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर येऊन ईशान्येकडे विदर्भात गेला. रनाळे या पट्ट्याबाहेर राहिले. खग्रास स्थिती सुमारे दोनच मिनिटांची. पण तेवढ्यासाठी देशोदेशीचे खगोलशास्त्रज्ञ आले होते. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला होते. तिथेच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फूट नाभीय अंतराचा कॅमेरा घेऊन आले होते.

धामणगाव आणि पुलगावच्या मधल्या तळणीला ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी निरीक्षकांच्या संस्थेची तुकडी उतरली. तिच्यात ॲनी माँडर होत्या. ग्रिनिच वेधशाळेत त्यांनी १८९१ पासून गणनाकार म्हणून काम केले होते. १८९५ मध्ये लग्न झाले आणि नियमानुसार नोकरी सोडावी लागली. तळणीला त्या आल्या त्या बिनपगारी, स्वतःचा छोटा कॅमेरा घेऊन. भिंगाचा व्यास दीड इंच, नाभीय अंतर नऊ इंच. या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभाकिरीटातला एक किरण टिपला. तोवर कोणत्याही छायाचित्रात इतका लांब किरण आलेला नव्हता.

हे कसे घडले? आकडेमोड करून पाहू. सूर्यबिंबाच्या प्रतिमेचा व्यास नाभीय अंतराच्या सुमारे १०७ व्या भागाएवढा असतो. चाळीस फुटी कॅमेऱ्यात तो साडेचार इंच येतो, ॲनीबाईंच्या कॅमेऱ्यात जेमतेम दोन मिलिमीटर. पण प्रतिमा मोठी झाली की प्रकाश पसरतो. पसरट वस्तूच्या प्रतिमेची तेजस्विता नाभीय अंतर भागिले व्यास या गुणोत्तराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. लिकच्या कॅमेऱ्याचे भिंग पाच इंची, म्हणून गुणोत्तर ९६. छोट्या कॅमेऱ्याचे ६. म्हणजे छोट्या कॅमेऱ्यातली प्रतिमा १६ च्या वर्गाइतकी, २५६ पट तेजस्वी! मोठा कॅमेरा सूर्यालगतचा बारीक तपशील टिपण्यासाठी होता आणि ते काम त्यालाच शक्य होते. दूरवरचा अंधूक किरण पकडणे हे वेगळे काम होते. त्यासाठी हेच भिंग योग्य होते.

रनाळ्यात आमची चूक नेमकी इथे होती. गुरू लहान पण तेजस्वी. प्रतिमा मोठी केली तरी प्रकाश पुरतो. तेजोमेघ पसरट आणि अंधूक; नेत्रिकेने प्रतिमा मोठी करून आम्ही त्याचा प्रकाश आणखी पातळ केला होता. दुसऱ्या रात्री दुर्बीण बाजूला ठेवली. कॅमेरा तिपाईवर, भिंग साधे ५० मिलिमीटरचे, गुणोत्तर २. पाच-पाच सेकंदांची बरीच छायाचित्रे काढून संगणकावर एकत्र केली. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाखाली गुलाबी तेजोमेघ उमटला; लहानसा, पण स्पष्ट. त्या शिक्षकांनी वही पुन्हा उघडली आणि तारीख, वेळ, एक्स्पोजर असे रकाने आखले.

लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने स्त्रियांना सदस्यत्व दिले ते १९१६ मध्ये. त्याच वर्षी ॲनी माँडर सदस्य झाल्या. तळणीच्या छायाचित्राला तेव्हा अठरा वर्षे झाली होती.

आपल्या शाळेत कोणती भिंगे आहेत? मुलांना प्रत्येकाचे नाभीय अंतर आणि व्यास मोजायला सांगा. मग विचारा: यातले कोणते भिंग कशासाठी वापराल?