पॉरपॉइझची नाडी : न तुटणाऱ्या एका वादीचा इतिहास

१/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये जाड चामड्याच्या बुटांसाठी मिळणाऱ्या नाड्यांमध्ये एका नाडीचा विशेष लौकिक होता. दुकानात तिला 'पॉरपॉइझ' म्हणत. पॉरपॉइझ म्हणजे डॉल्फिनसारखा दिसणारा, जेमतेम दीड-पावणेदोन मीटर लांबीचा सागरी सस्तन प्राणी. गंमत अशी, की ती नाडी बहुधा त्या प्राण्याच्या कातडीची नसेच. खरा प्राणी कोणता, हे कळण्याआधी मुळात नाडीला कातडे का लागले, ते पाहावे लागेल.

२/ नाडी क्वचितच ओढल्यामुळे तुटते; ती झिजून तुटते. प्रत्येक पावलागणिक घोट्यापाशी बूट वाकतो आणि नाडी धातूच्या कडीवर किंवा आकड्यावर घासते. त्यात भर चिखलाची, कारण चिखलातील वाळूचे कण रंध्यासारखे काम करतात. सुती नाडी ओली राहिली की कुजते. खाणीत, जंगलतोडीवर वा शेतात दिवसभर उभ्या असणाऱ्या माणसाची नाडी कामाच्या मध्येच तुटली, तर बूट पायात सैल होतो. सैल बुटाने टाच सोलवटते आणि दुसऱ्या दिवसाची मजुरी धोक्यात येते.

३/ यावरचा उपाय अतिप्राचीन आहे. आर्मेनियातील अरेनी-१ या गुहेत २००८ साली एक बूट सापडला. गाईच्या एकाच सलग कातड्याचा, उजव्या पायाचा, आत गवत भरलेला. त्याचे वय सुमारे ५,५०० वर्षे, म्हणजे गिझाच्या महापिरॅमिडहून तो जवळपास हजार वर्षांनी जुना! त्याच्या पुढच्या बाजूला छिद्रे आहेत आणि त्यांतून चामड्याची वादी ओवलेली आहे. कोरडी, थंड हवा आणि वर साचलेला मेंढ्यांच्या लेंड्यांचा थर यांमुळे तो टिकला. बूट आणि त्याची नाडी एकाच द्रव्याची, हा विचार इतका जुना आहे.

४/ 'वादी' हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. तबल्याची पुडी ताणून धरते ती वादी. कोल्हापुरी चपलेचे थर खिळ्यांवाचून एकत्र शिवते तीही वादीच.

५/ आता एक प्रश्न. उंच बुटाला दीड-दोन मीटर लांबीची नाडी लागते. एवढा लांब, सलग आणि निर्दोष पट्टा कातड्यातून सरळ कापायचा म्हटले, तर उत्तम कातडे वाया जाते. कारागिरांनी शोधलेला मार्ग सुंदर आहे : कातड्याची गोल चकती घ्यायची आणि तिच्या कडेपासून आत, सर्पिलाकार कापत जायचे. १२ सेंटिमीटर व्यासाच्या चकतीचे क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस सेंटिमीटर भरते. वादी ४ मिलिमीटर रुंद ठेवली, तर तळहाताएवढ्या त्या तुकड्यातून जवळजवळ पावणेतीन मीटर नाडी निघते. छोट्या, उरल्यासुरल्या तुकड्यांचेही त्यामुळे सोने होई.

६/ कौशल्य रुंदी राखण्यात आहे. एका ठिकाणी जरी वादी अरुंद झाली, तरी ती तिथेच तुटणार. म्हणून पाते फळीत रोवून पक्के करायचे, त्याच्यापासून ठरावीक अंतरावर एक आधार ठेवायचा आणि त्या दोहोंमधून कातडे ओढत न्यायचे. हात हलला तरी अंतर हलत नाही. नंतर वादी ओली करून ताणायची, म्हणजे वळण सरळ होते आणि पुढे बुटात ओवल्यावर ती सैल पडत नाही. शेवटी चरबी किंवा तेल मुरवायचे. हे शेवटचे काम टाळले, की भिजून वाळलेली वादी कडक होते आणि कडक वादीला चिरा पडतात.

७/ कातडे कोणत्या भागाचे, यालाही महत्त्व आहे. जनावराच्या पाठीकडील कातडे घट्ट विणीचे असते. पोटाकडील सैल, ताणले जाणारे. स्वस्त नाडी वापराबरोबर लांबत आणि बारीक होत जाते, त्याचे कारण पुष्कळदा हेच.

८/ इथे तो अनामिक प्राणी प्रवेश करतो. व्यापारात 'पॉरपॉइझ लेदर' म्हणून जे चामडे विकले जाई, ते मुख्यतः बेलुगाचे, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या थंड समुद्रात राहणाऱ्या पांढऱ्या देवमाशाचे असे. त्याची कातडी अतिशय जाड. अंगावर केस नसल्याने केसांच्या मुळांची छिद्रेही तिच्यात नाहीत. गाईच्या कातड्यात शोधूनही न सापडणारी सलगता या कातड्यात होती.

९/ शिकार मात्र नाडीसाठी सुरू झाली नव्हती. मुख्य लोभ तेलाचा होता. हडसन्स बे कंपनीने १८५० च्या दशकापासून हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरील नद्यांच्या मुखांशी हजारो बेलुगा मारले. सेंट लॉरेन्स नदीतील ईल-ओ-कूद्र या बेटावरील पद्धत अधिक चतुर होती. ओहोटीच्या वेळी चिखलात हजारो लवचीक काठ्या रोवून कुंपण घातले जाई. भरतीबरोबर माशांमागे आत आलेला बेलुगा त्या थरथरणाऱ्या काठ्यांना बिचके आणि बाहेर पडण्याची वाट मोकळी असूनही आतच फिरत राही. पाणी ओसरले की खेळ संपे.

१०/ पुढे तर तेल-कातड्याची गरजही उरली नाही. कॉड आणि सॅमन मासे कमी होताच क्वेबेकमधील मच्छीमारांनी बेलुगाला दोषी ठरवले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्यावर विमानांतून बाँब टाकले गेले, तर १९३० च्या दशकात सरकारने प्रत्येक शिकारीमागे इनाम लावले. अखेर व्लादिकोव्ह या मत्स्यशास्त्रज्ञाने बेलुगांची पोटे तपासली. त्यांत प्रामुख्याने लहान मासे आणि समुद्रतळाचे जीव निघाले. मच्छीमारांच्या कॉड-सॅमनवर तो जगत होता, हा आरोप टिकला नाही. खटला निकाली निघाला तेव्हा आरोपींपैकी बहुतेक मेलेले होते.

११/ नाडीचे साम्राज्य दुसऱ्याच दिशेने ढासळले. १९३५ साली ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स यांच्या चमूने नायलॉन तयार केले. ते कुजत नाही, चरबी मागत नाही आणि झिजेला चिवट आहे. बहुतेक कामांसाठी आजही त्याची विणलेली गोल नाडी हीच शहाणपणाची निवड ठरावी. त्याचे वैगुण्य एकच, पण मोठे : सुमारे २६० अंश सेल्सिअसला ते वितळते. ओतकामाच्या भट्टीपाशी, वेल्डिंगच्या ठिणग्यांखाली किंवा वणवा विझवताना वितळलेली नाडी म्हणजे बूट चटकन काढण्याची वा पायात टिकण्याची हमी गेली. चामडे करपते, वितळत नाही.

१२/ स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ साली शोधलेल्या तंतूपासून पुढे घडलेले केव्हलारही वितळत नाही. परंतु उन्हाने ते क्षीण होते आणि सतत दुमडल्याने त्याचे तंतू तुटतात. म्हणून त्यावर बहुधा दुसऱ्या धाग्याचे आवरण विणतात. ज्याची जाहिरात सर्वांत मोठी, ती नाडी सर्वांत टिकाऊ असेलच असे नाही.

१३/ ईल-ओ-कूद्रच्या रहिवाशांनी १९६२ साली, अनेक वर्षांच्या खंडानंतर, ते काठ्यांचे कुंपण पुन्हा एकदा उभारले. पिअर पेरो आणि मिशेल ब्रो यांनी त्याचा चित्रपट केला. या वेळी सापडलेला बेलुगा कोणी सोलला नाही. त्याला जिवंत न्यूयॉर्कच्या मत्स्यालयात पोहोचवण्यात आले. सेंट लॉरेन्समधील बेलुगांच्या शिकारीवर १९७९ साली बंदी आली. तिथे आज त्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास आहे.