दानाचे उत्पन्न

बालाघाटाच्या डोंगररांगेमुळे बीड जिल्ह्याचे स्वभावतःच दोन भाग झाले आहेत. उत्तरेस गोदावरी आणि सिंदफणा यांच्या खोऱ्यातील सखल, काळ्याभोर मातीची गंगथडी. आणि दक्षिणेस पाटोदा, आष्टी, केज, धारूर, अंबाजोगाई या बाजूचा घाटमाथा, जेथे नांगराचा फाळ थोडा खोल गेला की मुरूम लागतो आणि जेथे सह्याद्रीने अडविलेल्या ढगांचे उरलेसुरले पाणीच काय ते पडते. अशा मुलखात भांडवल साठत नाही. सुकाळात कुणब्याच्या पेवात जी ज्वारी शिल्लक राहते ती पुढच्या अवर्षणात संपते. सावकाराचा पैसा असतो, पण तो जमीन गहाण घेण्यासाठी असतो, विहीर खोदण्यासाठी क्वचितच. आणि राज्यकर्त्यांचे म्हणावे तर देवगिरीचे यादव, बहमनी, अहमदनगरची निजामशाही, मोगल आणि शेवटी हैदराबादचे आसफजाही, या साऱ्यांची तख्ते अन्यत्र होती आणि महसूल तख्ताच्या दिशेने वाहत गेला. असे असूनही येथे जी चिरस्थायी, पिढ्यान्‌पिढ्या उत्पन्न देणारी कामे उभी राहिली, त्यांतील पुष्कळशी कोणी ना कोणी धर्म म्हणून केलेली आहेत. दानाकडे आपण पुण्याच्या अंगाने पाहतो. मुलखाच्या अर्थव्यवहाराच्या अंगाने त्याच्याकडे पाहिले तर काय दिसते, याचा विचार बीडच्या इतिहासाच्या आधारे करावा असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

प्रारंभ अंबाजोगाईपासून करणे उचित होईल. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याची स्मृती या गावाने आपल्या शिलालेखांत जपून ठेवली आहे. खोलेश्वराचा पुत्र राम गुजरातच्या स्वारीत कामास आला आणि त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे देवालय उभारविले. एका बहिणीचा शोक असा पाषाणात उतरला. परंतु त्या काळी देवालय बांधणे म्हणजे केवळ शिखर चढविणे नव्हते. पूजाअर्चेसाठी, नंदादीपाच्या तेलासाठी, अन्नसत्रासाठी जमीन अथवा गावचे उत्पन्न लावून द्यावे, आणि मूळ जमिनीस हात न लावता तिच्या वार्षिक उत्पन्नातच सर्व खर्च भागवावा, अशी रीत होती. दिव्यासाठी लावून दिलेले तेल तेल्याच्या घाण्याला वर्षभराचे काम देई, फुलांचा नेम माळ्याच्या वाफ्याला पाणी देण्यास भाग पाडी, आणि पाथरवटाचे घराणे गावातच नांदू लागे. आजच्या अर्थशास्त्राच्या परिभाषेत ज्याला अक्षय निधी म्हणावे, ते तत्त्व या मुलखाला सुमारे आठशे वर्षांपूर्वी ठाऊक होते.

पुढे अंमल बदलला, दप्तराची भाषा फारसी झाली, तरी हे तत्त्व बदलले नाही. दानपत्राची जागा सनदेने घेतली. देवस्थानाला, दर्ग्याला, मठाला, मशिदीला जी जमीन सेवेच्या अटीवर मिळे तिला खिदमतमाश म्हणत, व्यक्तीच्या उपजीविकेसाठी मिळे ती मदतमाश. आणि निजामाच्या राज्यात इनामाची चौकशी होऊन हक्क शाबीत झाला म्हणजे इनामदाराच्या हाती मुंतखब पडे, त्यात ती जमीन कोणाला आणि कोणत्या कामासाठी दिली हे नमूद असे. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेचे मर्म सेवेच्या अटीत आहे. जमीन फुकट नव्हती; दिवा विझला, सेवा खंडली की हक्कालाही बाध येई. बीड शहरात मन्सूरशाह या सूफी सत्पुरुषाचा दर्गा आहे, त्यांच्यावर महादजी शिंद्यांची असीम निष्ठा होती आणि ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याने ती पुढे चालविली. सेवेची ही साखळी धर्माची सीमा ओलांडूनही टिकली, याचे हे एक सुंदर उदाहरण होय.

परंतु दान आणि उत्पन्न यांचा सांधा जेथे सर्वांत स्पष्टपणे डोळ्यांना दिसतो, ते स्थळ बीडच्या दक्षिणेस सुमारे सहा किलोमीटरांवर आहे. मुर्तजा निजामशाहाच्या कारकिर्दीत, म्हणजे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बीडची जहागीर सलाबतखानाकडे होती आणि त्याने राजा भास्कर या स्थापत्यविशारदाच्या हातून येथे जी विहीर बांधविली ती खजाना बावडी या नावाने प्रसिद्ध आहे. विहिरीला जमिनीखालून तीन बोगदे जोडलेले आहेत: दोहोंतून पाणी आत येते आणि तिसऱ्यातून ते बाहेर पडून, केवळ उताराच्या बळावर, शहराच्या बाजूच्या शेतांकडे जाते. मोट नाही, बैल नाहीत, नाड्याचा करकराट नाही. भूगर्भातून झिरपणारे पाणी एकत्र करावयाचे, ते उन्हात न उघडता भुयारातून न्यावयाचे आणि जेथे जमिनीची पातळी त्याच्या पातळीशी जुळेल तेथे ते पाटात सोडावयाचे, एवढाच या रचनेचा हिशेब. पण तो इतका अचूक बसला की आसपासच्या विहिरी तळाला गेलेल्या असतानाही या बावडीचे पाणी हटत नाही, अशी तिची ख्याती आहे, आणि चारशे वर्षे तिच्याखालची शेती भिजत आली आहे. मलिक अंबराने खडकीस, म्हणजे पुढच्या औरंगाबादेस, नहर आणली ती याच्यानंतर.

या बावडीविषयी बीडमध्ये एक कथा सांगितली जाते. सरकारात भरावयाचा वसूल सलाबतखानाने बांधकामात खर्च केला, आणि खजिना कोठे आहे असे वरून विचारण्यात आले तेव्हा त्याने या पाण्याकडे बोट दाखविले. कथा खरी असो वा नसो, रयतेने ती चार शतके सांगितली यातच तिचे महत्त्व आहे. कारण रयतेच्या दृष्टीने तो पैसा तिचाच होता. तिच्या खळ्यावरून उचललेला वसूल तिच्याच शिवारात पाणी होऊन परत आला, असे या मुलखात फार थोड्या वेळा घडले आहे.

पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचा उल्लेख येथे केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांचे जन्मगाव चौंडी हे जामखेड तालुक्यातले, बीडच्या सीमेशेजारचे. आणि परळीच्या वैजनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धार त्यांच्याच नावे सांगितला जातो. त्यांचा सारा धर्मादाय दौलतीच्या तिजोरीतून न होता होळकरांच्या खासगीच्या उत्पन्नातून होत असे, ही गोष्ट राज्यकारभार करणाऱ्यांनी आजही मनन करण्याजोगी आहे.

या वैभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर इतिहास अर्धा राहील. इनामाचे उत्पन्न आकाशातून पडत नव्हते. जमीन कसणारा आणि इनाम खाणारा हे बहुधा निराळे असत, आणि कसणाऱ्याच्या वाट्याला पुण्य येत नसे. ज्या बारवांवर दात्याचे नाव कोरलेले असे, त्यांतील कितीतरी बारवांच्या पायऱ्या महार-मांगांना बंद होत्या. तहानलेल्याला पाणी द्यावे म्हणून केलेला धर्म तहानलेल्याची जात पाहून थांबत असेल, तर त्याने मुलखाची शक्ती वाढत नाही, अर्ध्या मुलखाची कुचंबणा होते. म्हणूनच पोलीस कारवाईनंतर १९४९ साली हैदराबाद संस्थानातील जहागिऱ्या विसर्जित झाल्या आणि १९५४ च्या कायद्याने इनामेही रद्द करण्याचा मार्ग खुला झाला, तेव्हा त्यात अन्याय झाला असे म्हणता येणार नाही. धर्मादाय संस्थांची सेवा-इनामे त्या कायद्यातून वगळण्यात आली होती. तथापि जहागीर गेली तशी जहागीरदाराची जबाबदारीही गेली. बारवेतला गाळ कोणी काढावयाचा, नाल्याची पाळ कोणी बांधावयाची, याचे उत्तर देणारा गावात कोणी उरला नाही.

याच्या कितीतरी आधी महाराष्ट्राच्या दुसऱ्या भागात दानाचा एक नवा विचार जन्मास आला होता. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना काढली: प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून देशी उद्योग उभारावा. लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले, आणि १९०८ च्या सुमारास तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना सुरू झाला. त्या कारखान्यातून शिकून बाहेर पडलेले कारागीर हिंदुस्थानभरच्या काचकारखान्यांत पसरले. दाता एक राजा असण्याऐवजी लाखो सामान्य माणसे असू शकतात आणि त्यांचे दान अन्नछत्राऐवजी यंत्रशाळेत घालता येते, ही दृष्टी त्यातून मिळाली. निजामाच्या राज्यात असे काही उघडपणे करणे कठीण होते. सभेला परवानगी लागे, खासगी शाळेला परवानगी लागे आणि सरकारी शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. तरीही मोमिनाबादेत, म्हणजे अंबाजोगाईत, योगेश्वरीच्या नावाने लोकांनी शाळा चालविली, स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याहून १९३५ साली आपल्या सहकाऱ्यांसह तेथे आले, आणि त्या शाळेच्या छपराखाली शिकलेली मुले पुढे मुक्तिसंग्रामात उतरली. देवीच्या नावाचे दान मुलांच्या अक्षरांत पडले. पुढे १९७४ साली त्याच गावात ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आले आणि त्याला स्वामीजींचेच नाव देण्यात आले.

घाटमाथ्यावर हेच काम निराळ्या मार्गाने झाले. पाटोदा तालुक्यातील सावरगावी १८९६ साली जन्मलेले संत भगवानबाबा यांनी नारळी सप्ताहाची परंपरा चालविली. ज्या गावाला नारळ मिळे त्या गावाने पुढच्या वर्षी सप्ताह करावयाचा. मग त्या गावचे प्रत्येक घर धान्य, गूळ, जळण, आपापल्या ऐपतीप्रमाणे देई. सप्ताहाची ही वर्गणी ज्याने जवळून पाहिली आहे त्याला तिच्यातील शिस्त ठाऊक आहे: कोणाची किती पायली आली याचा हिशेब चावडीवर सर्वांदेखत होतो आणि त्यात कोणी खोट करीत नाही. बाबांनी या शिस्तीला शिक्षणाकडे वळविले. शाळा काढल्या, आणि शेताचा तुकडा विकावा लागला तरी मुलांना शिकवा, असा उपदेश ते करीत, असे सांगतात. ज्या घरांतली माणसे दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन, कोयता आणि बिऱ्हाड गाडीत टाकून साखर कारखान्यांकडे निघतात, त्या घरांना हा उपदेश कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाच्या अहवालापेक्षा अधिक उपयोगी पडला, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा गावाच्या दानाचे सामर्थ्य तोकडे पडले. खडी फोडणारी माणसे, सुकडीसाठी लागलेल्या रांगा आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, या आठवणी बीडच्या वृद्धांच्या तोंडून अजून ऐकावयास मिळतात. त्या आपत्तीतून वि. स. पागे यांच्या विचाराची रोजगार हमी योजना सिद्ध झाली, तिला कायद्याचे रूप आले, आणि तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील पगारदाराच्या वेतनातून दरमहा कापलेली रक्कम खेड्यातील पाझर तलावाच्या मातीत जावी, ही तरतूद मला विलक्षण वाटते. ते दान नव्हे, कर होता. पण पैसा फंडात जो भाव होता तोच येथे कायद्याच्या भाषेत अवतरला. दुर्दैव इतकेच की तलाव झाले आणि त्यांचा वाली नेमला गेला नाही. मुंतखबात सेवेची अट असे. पाझर तलावाच्या कागदांत ती राहून गेली, आणि अनेक तलाव गाळाने भरले.

ही उणीव ओळखून काम करणाऱ्यांत अंबाजोगाईच्या डॉ. द्वारकादास लोहिया यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. १९८२ साली त्यांनी मानवलोक ही संस्था स्थापन केली आणि पाणलोटाची कामे करताना ती गावकऱ्यांनी आपली मानावीत असा आग्रह धरला. शैलाताई लोहियांनी स्त्रियांचे प्रश्न हाती घेतले. २०१५ च्या दुष्काळात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी नाम फाउंडेशन सुरू केले. आरंभी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या कुटुंबांना आर्थिक साहाय्य देण्यात आले. ते आवश्यकच होते, पण थोड्याच काळात संस्थेचा ओघ नाल्यांच्या खोलीकरणाकडे वळला, आणि हा बदल मला शहाणपणाचा वाटतो. २०१६ साली पाणी फाउंडेशनने जलसंधारणाची पहिली स्पर्धा तीन तालुक्यांत घेतली. त्यांत वरूड आणि कोरेगाव यांच्याबरोबर अंबाजोगाई होता. तेथे गावोगाव जमलेले दान पैशाचे नव्हते. रणरणत्या उन्हाळ्यात माणसे टिकाव-फावडे घेऊन समपातळी चर खोदीत होती, आणि त्यांतील काही नुकतीच ऊसतोडीहून परतलेली होती.

२०१७ साली शासनाने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आखली. तिची विभागणी अशी होती की यंत्रे दानशूर संस्थांनी पुरवावीत, इंधनाचा खर्च शासनाने सोसावा, आणि गाळ आपल्या रानात नेण्याचे भाडे शेतकऱ्याने स्वतः भरावे. सलाबतखानाच्या बावडीमागे दाता, सत्ता आणि कसणारा असे जे तीन हात होते, तेच येथे पुन्हा एकत्र आले; फरक इतकाच की या वेळी कसणाऱ्यालाही हिशेबात भागीदार म्हणून स्थान मिळाले. चौथा हात मात्र अजून रिकामा आहे. तलाव पुन्हा भरेल तेव्हा गाळ कोण काढील, याचे नाव कोठेही लिहिलेले नाही. बीडच्या गावागावांत दरवर्षी सप्ताह होतो, जत्रा होते, वर्गणी जमते आणि तिचा चोख हिशेब होतो. त्या वर्गणीतील एक हिस्सा गावच्या तलावाच्या नावाने वेगळा काढावा, तो खर्च करणाऱ्याची नेमणूक सप्ताहाच्याच बैठकीत व्हावी, आणि पुढच्या वर्षी अन्नदानाच्या हिशेबाबरोबर गाळाचा हिशेबही चावडीवर वाचला जावा. ज्या गावांना नारळ घेणे आणि पुढच्या वर्षी त्याला जागणे साधते, त्यांना हे जड जाण्याचे कारण नाही.