अडगळीतील इतिहास : दिनकर केळकर

पुण्याला इतिहासाची साधने जमविण्याचे वेड जुने आहे. वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरे मिळवीत. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली आणि एरवी वाळवीच्या किंवा वाण्याच्या पुड्यांच्या स्वाधीन झाले असते अशा मोडी कागदांना निवारा लाभला. परंतु ज्या वाड्यांतून हे कागद बाहेर पडत, त्याच वाड्यांच्या माळ्यांवर आणि कोठीघरांत आणखी एक दप्तर धूळ खात पडले होते. त्यावर मिती नव्हती, शिक्कामोर्तब नव्हते. ते पितळेचे, तांब्याचे, लाकडाचे आणि हस्तिदंताचे होते. ते सोडवून वाचण्याचे काम ज्या गृहस्थाने आयुष्यभर केले, त्याचे नाव दिनकर गंगाधर केळकर.

केळकरांचा जन्म १८९६ सालचा. चष्म्यांचे दुकान हा त्यांचा व्यवसाय आणि कविता हा छंद. 'अज्ञातवासी' या टोपणनावाने ते काव्य लिहीत. संस्थानिकाचा खजिना त्यांच्यापाशी नव्हता, की परदेशी संग्राहकाची थैली नव्हती. दुकानाच्या मिळकतीतून प्रपंच चालवायचा आणि उरेल त्यातून वस्तू घ्यायच्या, अशा रीतीने १९२० च्या सुमारास त्यांनी संग्रहाला आरंभ केला. पत्नी कमलाबाई यांची त्यांना या कामी साथ होती. आज 'दानशूर' हा शब्द आपण ज्याच्याजवळ पुष्कळ आहे त्यालाच लावतो. केळकरांना तो लावताना मात्र त्याचा अर्थ जरा बदलून घ्यावा लागतो.

त्यांनी आरंभ केला तो काळही ध्यानात घेतला पाहिजे. घरोघर रॉकेलचे कंदील आले होते, मागून वीज येत होती; लामणदिव्याची आणि समईची जागा देवघरापुरती उरत चालली होती. जुने वाडे वाटण्यांत फुटत होते, पडत होते. निरुपयोगी झालेली भांडी मोडीत जात. मोडीचा व्यवहार साधा: वस्तू तराजूत टाकायची, धातूचा भाव द्यायचा आणि ती भट्टीत वितळवायची. नक्षीचा लामणदिवा आणि फुटका हंडा यांना शेराला एकच दर मिळे. कोण्या कारागिराने महिना महिना खपून काढलेला मोर, हत्ती किंवा वेलबुट्टी यांची किंमत त्या तराजूत शून्य होती. केळकरांनी वस्तू घेतल्या त्या या भट्टीच्या तोंडातून.

आणि घेतल्या तरी कोणत्या! संग्रहालय म्हटले की तलवारी, चिलखते आणि राजांची चित्रे आपल्या डोळ्यांपुढे येतात. केळकरांचे मन रमले ते दिवे, अडकित्ते, पानदाने, चुनाळी, दौती, फण्या, हुक्के, शेवयांचे साचे, वाद्ये, सोंगट्या आणि कोरीव दारे यांत. अडकित्त्याचेच पाहा. सुपारी कातरण्यास दोन पाती आणि एक खीळ एवढे पुरे. पण कारागिराने त्या दोन पात्यांचे कधी स्त्री-पुरुषांचे युगुल केले, कधी पक्षी केला. पायाची टाच घासण्याची वज्री ही तर न्हाणीघरातील वस्तू, चारचौघांत न दिसणारी. तिच्यावरही प्राणी-पक्षी बसविले आहेत. ज्या बायकांनी ती वापरली त्यांचा उल्लेख कोणत्याही बखरीत सापडावयाचा नाही. केळकर महाराष्ट्रापुरते थांबले नाहीत. राजस्थान, गुजरात, दक्षिणेकडील प्रांत अशी त्यांची भ्रमंती होई आणि तेथील वस्तू पुण्याच्या शुक्रवार पेठेत येऊन पडत. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी आणून संग्रहालयात पुन्हा उभे केले.

त्यांची नजर कवीची होती, हेही सांगितले पाहिजे. घडणीचे सौंदर्य त्यांना प्रथम दिसे. त्यामुळे नक्षीदार वस्तूंचे पारडे या संग्रहात जड आहे, आणि गरिबाघरच्या बिनरेघी गाडग्यामडक्यांचा इतिहास शोधणाऱ्याला येथे थोडे रितेपण जाणवेल. परंतु त्यांनी जे उचलले ते त्या वेळी दुसरे कोणी उचलीत नव्हते.

केळकरांचा मुलगा राजा बालपणीच गेला. त्या दुःखाविषयी अधिक बोलण्याचे कारण नाही. संग्रहालयाच्या पाटीवर 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' ही जी अक्षरे आहेत त्यांत पहिले नाव त्या मुलाचे आहे. १९६२ साली हे संग्रहालय रूपाला आले. पुढे, १९७५ साली, केळकरांनी आपला सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पन्नासांहून अधिक वर्षे एकेक करून जमविलेले धन, बाजारात ज्याचा भाव एव्हाना कितीतरी चढला होता, ते त्यांनी देऊन टाकले. मोडीच्या भावाने गेलेल्या वस्तूंना आता परदेशी गिऱ्हाइके मिळू लागली होती. विकून सुखाने राहणे त्यांना अवघड नव्हते. भारत सरकारने त्यांना 'पद्मश्री' दिली. १९९० साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

संग्रहातील वस्तूंची संख्या वीस हजारांच्या वर आहे. त्यांपैकी सुमारे अडीच हजारच दालनांत मांडता आल्या. बाकीच्यांना जागा पुरली नाही. एका माणसाने एका घरात जमविलेला हा पसारा मांडण्यास अजून घर अपुरे पडते.