काळ्याहून काळे

महाड-पोलादपूरकडच्या जुन्या घरात चुलीवरच्या वाशांकडे पाहिले, तर ते काळे असूनही चकाकताना दिसतात. वर्षानुवर्षांचा धूर आणि तेलकट वाफ त्यांवर बसलेली असते. उलट, पणतीच्या ज्योतीवर धरलेल्या ताटलीला लागलेली ताजी काजळी मऊ, मखमली आणि खोल काळी दिसते. दोन्ही काळेच, मग हा फरक कशामुळे? दुर्बीण आणि कॅमेरा बनवणाऱ्यांना या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधणे भागच पडले. त्या शोधाच्या इतिहासाशी जोडता येईल असे एक पान आपल्या महाराष्ट्रातले आहे.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून देशावर गेली. महाड त्या पट्ट्याच्या उत्तरेला राहिल्यामुळे येथे ग्रहण खंडग्रासच होते. विजयदुर्गला इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर यांनी तळ ठोकला होता. करमाळ्याजवळच्या जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला वर्णपटाची उपकरणे घेऊन गेले होते. तेथेच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांनी ४० फूट केंद्रांतराचा कॅमेरा उभारला होता. त्याची नळी कापडाची होती. वाऱ्याने ती हलली तरी भिंग आणि फोटोची काच यांना धक्का लागू नये, म्हणून ती दोहोंपासून अलग ठेवलेली होती. मग नळी हवीच कशाला? बाहेरचा नको असलेला प्रकाश अडवण्यासाठी!

खग्रास स्थिती होती जेमतेम दोन मिनिटांची, आणि टिपायचे होते सूर्याचे प्रभामंडल, म्हणजे करोना. त्याचे तेज सूर्यबिंबाच्या सुमारे दहा लाखांश, साधारण पौर्णिमेच्या चंद्राइतके असते. इतका मंद प्रकाश टिपायचा, तर उपकरणातला भटका प्रकाश घातक ठरतो. भिंगातून आत आलेला सगळाच प्रकाश नीट पडद्यावर जात नाही. काही किरण नळीच्या भिंतीवर आपटतात आणि तेथून परतून चित्रावर पसरतात. चित्रातले काळे भाग राखाडी होतात आणि बारीक तपशील बुडून जातात.

‘मग नळी आतून काळी रंगवा की!’ असे विद्यार्थी म्हणतील. पण एवढ्याने भागत नाही. प्रकाश हवेतून दुसऱ्या पदार्थात शिरताना त्याचा काही अंश पृष्ठभागावरूनच परत फिरतो. काचेवर सरळ पडणाऱ्या प्रकाशाचा असा सुमारे ४ टक्के भाग परततो. चकचकीत काळ्या रोगणाचेही तसेच. शिवाय किरण जितका तिरपा, तितके परावर्तन जास्त. नळीत तर किरण भिंतीला जवळजवळ घासूनच जातात! म्हणजे समोरून काळा दिसणारा रंग नळीच्या आत आरशासारखा वागू लागतो.

यावर दोन उपाय निघाले. पहिला, नळीत ठरावीक अंतरावर मध्ये भोक असलेल्या पातळ चकत्या बसवणे. त्या भिंतीकडे जाणारे तिरपे किरण अडवतात. दुसरा, पृष्ठभाग गुळगुळीत न ठेवता खरखरीत करणे. याचे गणित सोपे आहे. एका धडकेत १० टक्के प्रकाश परतत असेल, तर दुसऱ्या धडकेनंतर १ टक्का आणि तिसऱ्या धडकेनंतर ०.१ टक्काच उरतो. काजळीत कार्बनचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांच्यामध्ये पोकळ्या असतात. त्या भुलभुलैयात शिरलेला प्रकाश पुन्हा पुन्हा आपटून विरून जातो. म्हणूनच १८८० च्या सुमारास लँग्ले यांनी उष्णता मोजण्याच्या आपल्या नाजूक उपकरणातील पट्टीला काजळीच लावली होती.

हीच कल्पना टोकाला नेली की छिद्र असलेली बंद पेटी मिळते. छिद्रातून आत गेलेला किरण सहसा बाहेर येत नाही. किरखॉफ यांनी १८६० मध्ये ‘कृष्ण वस्तू’ची कल्पना मांडली होती. पुढे अशा पोकळ पेटीतून येणाऱ्या प्रारणाच्या मोजमापांचे कोडे सोडवताना, १९०० मध्ये प्लांक पुंज सिद्धांतापर्यंत पोहोचले.

त्यानंतर प्रगती झाली ती या भुलभुलैयाच्या बारकाव्यात. २००८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांचे उभे ‘रान’ वाढवले. त्यावरून केवळ ०.०४५ टक्के प्रकाश परतत होता. २०१४ मध्ये इंग्लंडमधून व्हँटाब्लॅक आले, ९९.९६५ टक्के प्रकाश शोषणारे. २०१९ मध्ये अमेरिकेतील एमआयटीने ९९.९९५ टक्क्यांचा आकडा जाहीर केला. मात्र असे थर फार नाजूक असतात, बोट लागले तरी बिघडतात. म्हणून ॲल्युमिनियमवर रासायनिक प्रक्रियेने बसवलेला काळा थर आणि साधे अचकचकीत रंग आजही उपयोगी पडतात. त्यातही सावध राहावे लागते, कारण डोळ्यांना काळी दिसणारी वस्तू अवरक्त किरणांत चांगलीच उजळ असू शकते.

वर्गात हे करून पाहा. पुठ्ठ्याच्या दोन सारख्या नळ्या घ्या. एकीत चकचकीत काळा कागद आणि दुसरीत काळी मखमल लावा. दोन्हींतून आळीपाळीने उजेड असलेल्या खिडकीकडे पाहा (सूर्याकडे मुळीच नको!). पहिलीच्या भिंती चमकतील, दुसरीच्या अंधारात राहतील. मखमलीचे उभे तंतू आणि कार्बनच्या नळ्यांचे रान यांत साम्य काय, हे विद्यार्थ्यांनाच विचारा.

२ ऑगस्ट २०२७ रोजी आपल्याकडे दुपार उतरल्यावर खंडग्रास सूर्यग्रहण आहे. भर पावसाळ्यात सावित्रीच्या खोऱ्यावर ढगांनी उघडीप दिली, तर सूचिछिद्र पेटीच्या पडद्यावर ते वर्गाला दाखवता येईल. पेटी आतून अचकचकीत काळी करा, म्हणजे चित्र ठळक उमटेल. मात्र काजळी लावलेल्या काचेतून कोणालाही सूर्याकडे पाहू देऊ नका. काजळीचा थर कोठे जाड, कोठे पातळ असतो, आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण त्यातून आत जाऊन नेत्रपटलाला कायमची इजा करू शकतात. डोळ्यांत दुखत नाही, म्हणून इजा झाल्याचे त्या वेळी कळतही नाही. काजळीची जागा पेटीच्या आत आहे, डोळ्यांसमोर नाही.