वैमानिक–नियंत्रक संवादातील गैरसमज

विमानातील चालकवर्ग आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्या रेडिओवरील बोलण्यात एखादी सूचना चुकीची ऐकली जाणे, भलत्या अर्थाने घेतली जाणे किंवा अर्धवट पोहोचणे. नियंत्रकाची सूचना वैमानिकाने परत म्हणून दाखवायची (रीडबॅक) आणि नियंत्रकाने ती कान देऊन पडताळायची, हा यावरचा जुना उपाय. पण अपेक्षित असते तेच बहुधा ऐकू येते, त्यामुळे चुकीचा रीडबॅकही निसटतो.

तेनेरिफे, २७ मार्च १९७७ : कॅनरी बेटांवरील लॉस रोदेओस विमानतळावर दाट ढगात डच कंपनी केएलएम आणि पॅन अ‍ॅम यांची बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ जण मरण पावले. केएलएमला उड्डाणानंतरच्या मार्गाची मंजुरी होती, उड्डाणाची नव्हती. ती परत म्हणून दाखवताना शेवटी सहवैमानिकाने ‘वुई आर नाउ अ‍ॅट टेकऑफ’ असे शब्द जोडले. नियंत्रकाला वाटले, विमान उड्डाणाच्या जागी उभे आहे. प्रत्यक्षात ते धावू लागले होते. चालू क्रिया सांगण्याच्या डच वाक्यरचनेची ही छाया असावी, असे काही भाषाअभ्यासक मानतात. (‘तो कामावर आहे’ या मराठी वाक्यातही स्थळ आणि क्रिया अशीच एकमेकांत मिसळते.) ध्वनिमुद्रणातील नेमक्या शब्दांबाबत एकमत नाही. नियंत्रक ‘ओके’ म्हणाला आणि क्षणभराने त्याने थांबण्यास सांगितले. नेमके तेव्हाच पॅन अ‍ॅमनेही आपण धावपट्टीवरच असल्याचे कळवले. एकाच लहरीवर दोघे एकदम बोलल्याने कर्कश शिट्टी उमटली आणि तिच्यात दोन्ही संदेश अस्पष्ट झाले. स्पॅनिश चौकशीचा रोख कप्तानाने परवानगीविना केलेल्या उड्डाणावर, तर डच बाजूचा परस्पर गैरसमजावर होता. पुढे ‘टेकऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरावा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणावे, असा दंडक पडला.

अंकांचा घोळ : इंग्रजीत ‘टू’ म्हणजे दोन आणि ‘पर्यंत’ही. १९८९ मध्ये क्वालालंपूरजवळ २,४०० फुटांपर्यंत उतरण्याची सूचना एका मालवाहू विमानाने ‘४०० फुटांपर्यंत’ अशी घेतली. तसा रीडबॅकही दिला गेला. तो कोणी दुरुस्त केला नाही. विमान टेकडीवर आदळून चौघे दगावले.

न्यूयॉर्क, १९९० : अ‍ॅव्हिआंकाच्या विमानाने इंधन संपत आल्याचे सांगितले, पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारला नाही; विमान कोसळून ७३ मृत्यू.

चरखी दादरी, १२ नोव्हेंबर १९९६ : दिल्लीकडे येणाऱ्या कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहण्याची सूचना होती. समोरून येणाऱ्या सौदी विमानाची उंची १४,००० फूट होती. कझाक विमान नेमलेल्या उंचीखाली उतरले आणि टकरीत ३४९ जण ठार झाले. न्या. लाहोटी यांच्या चौकशीत कझाक चालकवर्गाचे तोकडे इंग्रजी हे एक कारण ठरले. उंची का सोडली गेली, याबाबत इतरही मते मांडली गेली.

भाषाप्रावीण्य : आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेची सहा पातळ्यांची मोजपट्टी आहे; आंतरराष्ट्रीय सेवेसाठी किमान चौथी पातळी लागते. अंमल मार्च २००८ पासून.

लेखी संदेश : काही मार्गांवर, विशेषतः महासागरांवर, सूचना पडद्यावर अक्षरांत पाठवल्या जातात.