भाऊसाहेब, चुनारगड आणि काशीचा कादंबरीकार

काशीत पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून गल्ल्यांत शिरले की दुर्गाघाट, ब्रह्माघाट आणि दूधविनायक हे मोहल्ले एकमेकांत मिसळलेले दिसतात. गणपतीच्या जुन्या ठाण्यावरून नाव पडलेला दूधविनायक आणि त्याचा हा शेजार म्हणजे काशीतली जुनी मराठी वस्ती. वाड्याला इथे ‘बाडा’ म्हणतात. नाना फडणविसांच्या नावाचा बाडा दुर्गाघाटाकडे, आंग्र्यांचा ब्रह्माघाटाकडे. पेशव्यांना गुरुस्थानी असलेले नारायण दीक्षित पाटणकर इथे येऊन राहिले आणि त्यांनी घाट बांधवले. पहिल्या बाजीरावांच्या आई राधाबाई १७३५ साली पुण्याहून काशीयात्रेला निघाल्या, त्या सुमारास सदाशिव नाईक जोशी घाटांच्या बांधकामाची हकिकत पत्रांतून पेशव्यांना कळवीत होते. वैदिक, भिक्षुक, सावकार आणि यात्रेकरू या गल्ल्यांत एकत्र नांदत. त्यांच्या पत्रांतून नुसते पुण्य पुण्याला जात नव्हते, उत्तरेकडच्या खबराही जात होत्या.

अशा वस्तीवर १४ जानेवारी १७६१चा घाव कसा बसला असेल, हे समजून घ्यायला हवे. पानिपतावर लाखोंच्या तोंडी नाव असलेला सेनापती सदाशिवरावभाऊ पडला, पण त्याला पडताना पाहिल्याची निर्विवाद साक्ष मिळेना. या प्रकरणाचा पहिला तपास करणारा माणूसही दक्षिणेतलाच होता. काशीराज पंडित हा दख्खनी ब्राह्मण अवधचा नबाब शुजाउद्दौला याच्या पदरी होता. लढाईच्या पहाटे भाऊंची शेवटची चिठ्ठी त्याच्याच हाती पडली. तहाचे काय ते आताच सांगा, पुढे वेळ उरणार नाही, असा तिचा आशय होता. लढाईनंतर प्रेतांच्या ढिगांत भाऊंचा शोध घेणाऱ्यांतही तो होता.

त्याने फारसीत लिहिलेला वृत्तान्त आज वाचतानाही अंगावर काटा येतो, कारण तो तपासनिसाच्या शिस्तीने लिहिलेला आहे. एक धड सापडले, शीर नव्हते. अंगाजवळ काही मोती मिळाले, त्यावरून माणूस मोठ्या दर्जाचा हे ठरले. मग भाऊंना ओळखणाऱ्यांनी खुणा तपासल्या: मांडीवर रुपयाएवढा काळा डाग, पाठीवर मुजफ्फरखानाच्या कट्यारीच्या वाराचा वण, तळपायावर सामुद्रिकात शुभ मानलेल्या रेषा. खुणा जुळल्या, दहन झाले. शीर मात्र एका दुराणी शिपायाकडून नंतर मिळाले. धड आणि शीर वेगवेगळे, वेगवेगळ्या वेळी. शंकेला जागा राहिली ती इथे.

त्या शंकेतून पुण्याचा तोतया उभा राहिला. सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण, भाऊंसारखा दिसणारा. थोरल्या माधवरावांच्या काळात तो पकडला गेला, कोकणात किल्ल्यावर कैदेत पडला. १७७६ साली रत्नागिरीच्या रामचंद्र नाईक परांजप्यांनी त्याला बाहेर काढले आणि पाहता पाहता कोकण त्याच्या मागे गेले. गडकऱ्यांनी किल्ले दिले, लोकांनी मुजरे केले. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला, पळताना तो रघूजी आंग्र्यांच्या हाती लागला आणि डिसेंबर १७७६मध्ये पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी मात्र अखेरपर्यंत वैधव्य पत्करले नाही. १७८३ साली त्या गेल्या त्या सौभाग्यवतीच्या वेषात. फ्रान्समध्ये १५६० साली मार्तँ गेर खटल्यात न्यायालयाला तोतयाचा निवाडा करावा लागला, तेव्हाही बायकोची ओळख हा कळीचा प्रश्न होता. पार्वतीबाईंचे कुंकू हीही जाहीर साक्षच होती.

पुण्याचा हा निवाडा झाला, आणि अवघ्या तीन वर्षांत काशीत दुसरा भाऊसाहेब उभा राहिला.

१७७९च्या सुमारास बनारसेत आलेल्या या माणसानेही आपण सदाशिवरावभाऊ असल्याचे जाहीर केले. शहरात गलबला माजला. अखेर त्याला धरून चुनारच्या किल्ल्यात डांबले. काशीपासून चाळीसेक किलोमीटरवर, गंगेच्या काठी खडकावर बसलेला हा किल्ला तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता. पुढचा योग तर कुणा कादंबरीकारानेही जुळवायला धजू नये असा आहे. ऑगस्ट १७८१मध्ये वॉरन हेस्टिंग्जने काशीनरेश चेतसिंहाला शिवाला घाटावरच्या त्याच्याच वाड्यात अटक केली, शहर उठले, पहाऱ्यावरच्या शिपायांची कत्तल झाली आणि चेतसिंह पागोट्यांच्या दोरीवरून गंगेकडे उतरून निसटला. हेस्टिंग्जला रातोरात पळ काढून आसरा घ्यावा लागला तो चुनारात. म्हणजे बंगालचा गव्हर्नर जनरल आणि पानिपताचा स्वयंघोषित सेनापती एकाच तटाच्या आत होते. पुढच्या वर्षी, १७८२त, हेस्टिंग्जच्याच हुकमाने त्या कैद्याला सोडण्यात आले. चेतसिंहाने अखेर ग्वाल्हेरीला महादजींचा आसरा घेतला. काशीराज पंडिताचा वृत्तान्तही लिहिला गेला तो याच दिवसांत, १७८०च्या आसपास. चुनारात एक ‘जिवंत’ भाऊ बसलेला असताना काशीराज पंडित प्रेतावरच्या खुणा एकेक करून कागदावर नोंदवीत होता, ही गोष्ट त्याचा मजकूर वाचताना विसरता येत नाही. जेम्स ब्राउनने त्याचे इंग्रजी केले आणि १७९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये आले.

चुनारगडाला कादंबरीत अमर केले ते मात्र मराठी वस्तीतल्या कुणी नव्हे. देवकीनंदन खत्री (१८६१–१९१३) काशीच्या लाहोरी टोल्यात राहणारे. चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका काशीनरेशांकडून घेऊन त्यांनी ते डोंगर, गुहा आणि पडके किल्ले पायांखाली घातले होते. ठेका गेला, पण जंगल डोक्यात राहिले. १८८८ साली ‘चंद्रकांता’ निघू लागली. नौगढचा वीरेंद्रसिंह, विजयगढची चंद्रकांता, चुनारचा शिवदत्त. आणि त्यांच्यामध्ये बटवा खांद्याला लावून फिरणारे, क्षणात चेहरा बदलणारे ऐयार. पुढे ‘चंद्रकांता संतति’ चोवीस भागांपर्यंत गेली. १८९८ साली त्यांनी स्वतःचा लहरी प्रेस काढला. या गोष्टी वाचता याव्यात म्हणून कित्येक उर्दू वाचकांनी नागरी अक्षरे गिरवली, असे हिंदी साहित्याचा इतिहास सांगतो.

खत्रींच्या तिलिस्मातली गुंतागुंत नुसत्या गुप्त दारांची आणि यंत्रांची नाही. समोरचा माणूस तोच आहे का, हा त्यांच्या पानोपानीचा प्रश्न आहे. ऐयार आपल्या माणसालाही सांकेतिक खूण विचारल्याशिवाय जवळ करीत नाहीत. खत्रींनी भाऊंच्या तोतयावरून काही उचलले, असा दावा करायचे कारण नाही. त्यांच्या मागे दास्तानांची मोठी परंपरा होती. पण ज्या किल्ल्याला त्यांनी मायावी चेहऱ्यांचे घर केले, त्यात शंभर वर्षांपूर्वी ओळखीच्याच भांडणापायी एक माणूस खरोखर कोंडलेला होता.

मराठीने पुण्याच्या तोतयाला रंगभूमीवर आणले. न. चिं. केळकरांचे ‘तोतयाचे बंड’ १९१३चे, खत्री वारले त्याच वर्षीचे. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ १९८८ची. काशीच्या गोष्टींना शिवप्रसाद मिश्र ‘रुद्र’ यांनी ‘बहती गंगा’त (१९५२) दोन शतकांचा पट दिला. काशीच्या भाऊसाहेबाची कथा या सर्वांच्या मध्ये कुठेतरी उभी आहे आणि रहस्यकादंबरीला लागणारे सारे काही तिच्यापाशी आहे: मस्तक नसलेले धड, फारसीतला साक्षीदार, कुंकू न पुसणारी पत्नी, पळून आलेला गव्हर्नर जनरल आणि मधोमध मराठी मोहल्ला. या मोहल्ल्यात १७७९ साली भाऊंना तरुणपणी पाहिलेले वृद्ध असणे अगदी शक्य होते. पानिपतच्या मोहिमेबरोबर यात्रेच्या आशेने निघालेली कितीतरी कुटुंबे काशीकडे डोळे लावूनच चालली होती. अठरा-एकोणीस वर्षांचे नाना फडणवीस आईला घेऊन त्याच लष्करासोबत होते. मराठी कादंबरीकाराने सुरुवात करावी ती अशा एखाद्या म्हाताऱ्यापासून. त्याला कुणीतरी बोलावून नेते, समोर बसलेल्या माणसाच्या पाठीवरचे वस्त्र बाजूला करते आणि कट्यारीचा वण आहे की नाही ते सांगायला लावते.